पोटखराबा वजा जाता

आमच्या साहित्य मंडळात २२ लेखक आहेत आणि श्रोता एक. तो एक म्हणजे आमचे कार्यवाह. त्यांनी आयुष्यात कविता लिहिली नाही, कथा लिहिली नाही, वर्तमानपत्राच्या संपादकाला साधं तक्रारीचं पत्रही कधी पाठवलं नाही. मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या आणि सभांचं इतिवृत्त, एवढंच काय ते त्यांचं लेखन. तरीही आम्हा २२ जणांना गावात भीती वाटते ती याच माणसाची.

नाव सांगून उपयोग नाही, कारण ते कोणी वापरत नाही. दूधवाला, पोस्टमन, बोळातली पोरं, सगळे 'कार्यवाह'च म्हणतात. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, चारचौघांत त्यांना 'अहो' म्हणतात, पण फोनवर बाहेरचं कोणी असलं की "कार्यवाह आंघोळीला गेलेत, दहा मिनिटांनी करा" असं सांगतात. पदानेच माणूस ओळखला जावा असं हे पद नाही. सरपंच ठीक आहे, मामलेदार ठीक आहे. पण कार्यवाह? पत्रिकेत हा शब्द नेहमी खालच्या कोपऱ्यात, 'आपला नम्र' याच्या शेजारी छापलेला असतो. आमच्याकडे तो वर आला.

गाव वाई. इथे साहित्य मंडळ काढणं फार सोपं. गावाला विद्वत्तेची जुनी सवय आहे. प्राज्ञपाठशाळा इथली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आयुष्यभर राहिले ते इथे, आणि मराठी विश्वकोशाचं काम चाललं तेही इथेच. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तेव्हापासून इथल्या प्रत्येक लिहित्या माणसाला मनातून वाटत आलंय, की आपलीही कुठेतरी एक नोंद असायला हवी होती. आमच्या गझलकारांनी यावर स्वतःची समजूत काढली आहे. खंड अक्षरांच्या क्रमाने निघतात, आणि त्यांच्या आडनावाच्या अक्षराचा खंड ते गझल लिहायला लागण्याआधीच छापून झाला होता. "नाहीतर विचार झाला असता," असं ते म्हणतात. मंडळ काढणं असं सोपं. चालवणं अवघड, कारण चालवायला कार्यवाह लागतो.

स्थापनेच्या सभेत अध्यक्षपदासाठी नऊ नावं आली होती, उपाध्यक्षपदासाठी सात. कार्यवाहपदाचा विषय निघाला आणि सगळ्यांना एकदम वर फिरणारा पंखा बघावासा वाटला. मागच्या बाकावर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. शेजारच्या गझलकारांना स्कूटरवरून सोडायला आले होते आणि परत न्यायचं म्हणून थांबले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशाला पेन होतं. बाकी सगळे लेखक असल्यामुळे पेन कोणाकडेच नव्हतं. निवड एकमताने झाली. मंडळाच्या इतिहासातला तो एकमेव एकमताचा ठराव.

नोकरीत ते भूकरमापक होते, म्हणजे भूमी अभिलेख खात्यातले मोजणीवाले. सातारा जिल्ह्याचे बांध त्यांनी पायाखाली घातले. ३३ फुटांची शंकुसाखळी ओढत त्यांची उमेद गेली. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर, हे गणित त्यांच्या बोलण्यात, चालण्यात आणि वाढलेल्या ताटाकडे बघण्यातसुद्धा आहे. मंडळात आले तेव्हा त्यांना इतिवृत्त कसं लिहितात ते ठाऊक नव्हतं. त्यांना पंचनामा लिहिता येत होता. तोच त्यांनी लिहिला.

पहिल्या सभेच्या नोंदी वहीत आजही आहेत. एका कवींच्या दीर्घकवितेपुढे लिहिलंय: "चतुःसीमा. पूर्वेस चंद्र, पश्चिमेस आई, दक्षिणेस पाऊस, उत्तरेस शेतकरी. मध्ये मोकळी जागा." दुसऱ्या एका कवितेपुढे: "एकूण ओळी ४८. पोटखराबा ३१." ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, सातबाऱ्यावर जमिनीचं क्षेत्र लिहिलं की त्यातला जो भाग लागवडीला येत नाही, म्हणजे ओढा, खडक, पायवाट, तो पोटखराबा म्हणून वेगळा दाखवतात. कवीने रागाने विचारलं, कुठल्या ३१? कार्यवाहांनी वही उघडून ओळींचे क्रमांक वाचून दाखवले. कवी घरी गेले. पुढच्या महिन्यात तीच कविता १७ ओळींची करून आले, आणि त्यांनी वाचायच्या आधीच बजावलं, "हे मी स्वतःहून केलंय." वहीत नोंद आहे: "फेरफार मंजूर."

सभा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका शाळेत, दुसरी ब च्या वर्गात भरते. वर्ग ठरवताना वयाचा विचार झाला नव्हता. बाकं सात वर्षांच्या मुलांच्या मापाची आहेत, त्यामुळे आमचे साठी-सत्तरीचे साहित्यिक गुडघे छातीशी घेऊन बसतात आणि दाद द्यायला हात वर केला की शेजाऱ्याच्या चष्म्याला लागतो. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने कायमची चौकट आखलेली आहे: पट, हजर, गैरहजर. कार्यवाह आल्या आल्या शुक्रवारचे आकडे पुसून आमचे भरतात. मुले, मुली असे वेगळे रकाने आहेत, तेही भरतात. जाताना पुन्हा पुसून शुक्रवारचे आकडे जसेच्या तसे लिहून ठेवतात. शाळेच्या बाईंना सोमवारी त्रास नको.

प्रत्येकाला वाचायला सात मिनिटं. टेबलावर ते एक घंटी ठेवतात, पूर्वी साहेबांच्या टेबलावर शिपायाला बोलावण्यासाठी असायची तसली. पण कवीची सात मिनिटं म्हणजे काय यावर आमच्याकडे मूलभूत मतभेद आहेत. कवींचं म्हणणं, सात मिनिटं कवितेची. ती कुठे सुचली, कशी सुचली, तेव्हा एस.टी. कोणत्या स्टँडावर उभी होती, ऐकून कोणकोणत्या मान्यवरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ही प्रस्तावना त्यात धरायची नाही. कार्यवाहांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी फक्त वहीत दोन रकाने पाडले. "रस्ता ९ मिनिटे. शेत २ मिनिटे." पुढच्या सभेत ते मोठ्याने वाचलं. तेव्हापासून प्रस्तावना आखडल्या. आता आमचे कवी एस.टी. कुठे उभी होती ते चहाच्या वेळी सांगतात.

खरं म्हणजे मंडळाची सगळी गंमत या 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' नावाच्या पहिल्या विषयातच आहे. इतर मंडळांत हा विषय चालू असतो तेव्हा लोक चपला काढत असतात. आमच्याकडे त्यासाठी मंडळी पाचच्या ठोक्याला हजर होतात, आणि इतिवृत्त संपल्यावर, म्हणजे प्रत्यक्ष साहित्य सुरू झाल्यावर, एकेकाला बाहेर फोन येऊ लागतात. काहींचं तर असं झालंय, की ते इतिवृत्तात येण्यासाठीच लिहितात. बँकेतून निवृत्त झालेल्या ताई मला म्हणाल्या, "कविता कशी झाली ते मला लिहिताना कळत नाही हो. पुढच्या महिन्यात कळतं."

आमच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर रविकिरण मंडळ असतं, हेही सांगायला हवं. १९२३ साली पुण्यात माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश वगैरे कवी रविवारी चहाला जमत, एकमेकांना कविता वाचून दाखवत, आणि त्यातून मराठी कवितेचा एक काळ उभा राहिला. आमच्याकडेही रविवार आहे, चहा आहे, कविता तर गरजेपेक्षा जास्त आहेत. काळ तेवढा यायचा राहिलाय. अध्यक्षांनी एका वर्धापनदिनाला ही तुलना केली, तेव्हा कार्यवाहांनी मान वर न करता विचारलं, "त्यांच्यावर अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहिली. आपल्यावर कोण लिहिणार?" सभागृह गप्प झालं. ते स्वतः लिहीतच होते, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

अध्यक्ष हे निवृत्त तहसीलदार. त्यांना सगळे अजून रावसाहेब म्हणतात. ते अभंग लिहितात. नोकरीत समोर येणारा कागद न वाचता सही करण्याचा त्यांचा लौकिक होता, आणि आता आपल्या अभंगातला प्रत्येक शब्द लोकांनी तोलून ऐकावा अशी अपेक्षा असते. कार्यवाहांची यात पंचाईत होते, कारण रावसाहेब महसूल खात्यातले, म्हणजे जुन्या हिशेबाने वरचे. त्यांच्या अभंगाला पोटखराबा लावायचा कसा? त्यांनी तोडगा काढला. रावसाहेबांच्या नोंदीत क्षेत्र लिहीत नाहीत, फक्त 'आकार' लिहितात: "आकार: चार चरण, नऊ कडवी. पाहिले." शेवटचा शब्द रावसाहेब स्वतः कागदावर लिहायचे तो. रावसाहेब खूश आहेत.

कादंबरीकारांचं प्रकरण मोठं आहे, सगळ्याच अर्थांनी. वाईपासून जवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. घाटावर एक छोटं देऊळ आहे आणि त्यात पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली त्या वेळच्या लुटीतली ती, आणि तिच्यावर १७०७ साल आहे. कादंबरीकार नानांवर कादंबरी लिहितायत आणि दर सभेला एक प्रकरण वाचतात. ती घंटा वसईहून निघायलाच त्यांना तीन प्रकरणं लागली, आणि नाना तर जन्मलेही नव्हते. ३१ प्रकरणं झाली तेव्हा नाना १९ व्या वर्षी पानिपतावर पोचले होते. त्या महिन्याच्या इतिवृत्तात कार्यवाहांनी हिशेब मांडला: "नानांचा जन्म १७४२, मृत्यू १८००. १९ वर्षांस प्रकरणे ३१. उर्वरित ३९ वर्षांस सरासरीने प्रकरणे ६४. महिन्यास एक याप्रमाणे ५ वर्षे ४ महिने. बारभाईचे कारस्थान व सवाई माधवरावांचा मृत्यू वाटेत असल्याने मुदत वाढण्याचा संभव. लेखकाचे वय ७४." वाचून झाल्यावर वर्गात कोणी कोणाकडे बघेना. कादंबरीकारांनी मात्र हिशेब वहीत उतरवून घेतला आणि समाधानाने म्हणाले, "म्हणजे संपेल म्हणता!"

पण कार्यवाहांना खऱ्या अर्थाने रंगात आलेलं बघायचं असेल तर हद्दीचा वाद लागावा लागतो. तसा एकदा लागला होता. आमच्या दोन कवींच्या कवितांत एकाच महिन्यात चुलीच्या धुराने चुरचुरणारे आईचे डोळे आले. एक कवी ओझर्डेकडचे, एक गंगापुरीतले. दोघांच्याही आया त्यांच्या जन्मापासून गॅसवर स्वयंपाक करत आल्या होत्या, पण तो मुद्दा वेगळा. ओझर्डेकरांनी उभं राहून जाहीर केलं की डोळे त्यांचे आहेत. गंगापुरीकर म्हणाले, "सिद्ध करा." रावसाहेबांनी प्रकरण कार्यवाहांकडे वर्ग केलं.

कार्यवाहांनी 'हद्द कायम'ची मोजणी लावली. दोघांना नोटिसा दिल्या. नोटीस म्हणजे पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर तारीख, वार, वेळ आणि "आपले म्हणणे मांडण्यासाठी पुराव्यानिशी हजर राहावे". त्या रविवारी वर्गात उभं राहायला जागा नव्हती. शाळेचे शिपाई मामा एरवी साहित्य सुरू झालं की गेटवर जाऊन बसतात, तेही दारात टेकून उभे. कार्यवाहांनी चष्मा पुसला, जुन्या वह्या बाहेर काढल्या आणि मंडळाच्या स्थापनेपासून कोणाच्या कवितेत चूल, धूर, आई, डोळे कधी आले ते तारीखवार वाचायला सुरुवात केली. चूल पहिल्यांदा रावसाहेबांच्या अभंगात निघाली. धूर गझलकारांकडे, तोही प्रेयसीच्या गावच्या गाडीचा. आई तर पहिल्या सभेपासून सगळ्यांकडे. डोळ्यांची मोजदाद त्यांनी अर्ध्यावरच सोडली.

एका बाजूने ओझर्डेकर "बघा, माझी चूल आधीची" म्हणतायत, दुसऱ्या बाजूने गंगापुरीकर "पण त्यात डोळे कुठायत?" म्हणतायत. गझलकारांनी मधेच विचारून घेतलं, की गाडीचा धूर चुलीत धरणार का. कार्यवाहांनी घंटी वाजवली आणि निकाल सांगितला:

"सदर चूल, धूर व आईचे डोळे हे गायरान आहे. वादी व प्रतिवादी दोघांचीही मालकी शाबीत होत नाही. गावातील कोणीही आपली जनावरे येथे चारावीत. मात्र कुंपण घालू नये."

यावर दोघेही नाराज झाले, म्हणजे निकाल बरोबर असणार. मला विचाराल तर मराठी समीक्षेत इतकं थोडक्यात आणि इतकं पटण्यासारखं मी क्वचित वाचलं आहे. त्या दिवसापासून मंडळात 'गायरान' हा शब्द रुळला. कोणी कवितेत पहिल्या पावसाचा मातीचा वास आणला, की मागच्या बाकावरून हळूच आवाज येतो, "गायरान!" आणि कवी पुढची ओळ गाळतो.

माझंही तोंड त्या वहीने बंद केलं आहे. मी ललित लेख वाचतो, बालपणीचे वगैरे. माझ्या नावापुढे एकदा लिहिलेलं होतं: "लेखकाने आठवणी वाचल्या. आठवणीतील विहीर मागील तीन लेखांतही होती. दर वेळी खोली वाढत आहे." तेव्हापासून मी विहिरीच्या वाटेला गेलो नाही.

मंडळाची एकदा सहल निघाली, तिचं इतिवृत्तही त्यांनीच लिहिलं. पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या पुढे भिलार आहे. स्ट्रॉबेरीचं ते गाव २०१७ च्या मे महिन्यात सरकारने पुस्तकांचं गाव केलं. घराघरांत कपाटं आहेत, कुठे कादंबऱ्या, कुठे चरित्रं, कुठे कविता, आणि येणाऱ्याने हवं ते काढून ओसरीवर वाचत बसावं. आमचं मंडळ तिथे वाचायला गेलं असं पत्रकात म्हटलं होतं. प्रत्यक्षात प्रत्येक जण आधी आपलं पुस्तक आहे का ते बघत फिरला. ते नसल्याची खात्री झाल्यावर मग प्रत्येकाच्या खांद्यावरच्या पिशवीत हालचाल सुरू झाली. इतिवृत्तात ती अशी आली: "जाताना सदस्यांच्या पिशव्यांत स्वलिखित पुस्तके १४. येताना ०. स्ट्रॉबेरी अडीच किलो. काव्यविभागाच्या घरमालकांनी कपाट फुगल्याबद्दल शंका विचारली. रावसाहेबांनी हवेतील दमटपणाचे कारण दिले."

९९ वं साहित्य संमेलन साताऱ्याला होणार असं जाहीर झालं, तेव्हा तर मंडळात घरचं लग्न निघाल्यासारखी धावपळ उडाली. कविकट्ट्यावर वाचायला मिळावं म्हणून सगळ्यांनी कविता पाठवायचं ठरवलं, कादंबरीकारांनीसुद्धा. एरवी वर्गणी मागितली की ज्यांना दम लागतो ती माणसं झेरॉक्सच्या दुकानात रांग लावून उभी राहिली. कार्यवाहांनी अर्ज एकत्र केले, पाकिटं चिकटवली, पत्ते घातले, आणि प्रत्येक पाकिटाचं वजन पोस्टातल्या काट्यावर लिहून ठेवलं. "कवितेचं वजन असं कधी मोजलं नव्हतं," एवढंच म्हणाले.

मी एकदा त्यांना विचारलं, "तुम्हाला कंटाळा येत नाही?" आम्ही ढोल्या गणपतीच्या मागे घाटाच्या पायरीवर बसलो होतो. ते म्हणाले, "कंटाळा कसला? बांधावर दोन भाऊ चार तास भांडतात. आजोबापासून सुरुवात करतात, बैलाचं काढतात, वहिनीचं काढतात. त्यात कामाचं एकच वाक्य असतं. 'इथं पूर्वी बाभूळ होती.' ते वाक्य निसटलं तर मोजणी फुकट. मग काय करणार? सगळंच ऐकावं लागतं." थोडं थांबून म्हणाले, "तुमच्या लोकांचंही तसंच आहे. फक्त बाभूळ क्वचित असते."

ती एकदा सापडलेली मी बघितली आहे. बावधनची एक मुलगी मंडळात येते, नर्सिंगचं शिकते, फार बोलत नाही. तिने बगाडाच्या आदल्या रात्रीवर एक छोटी कथा वाचली. बावधनचं बगाड रंगपंचमीला निघतं, बगाड्याला त्या उंच शिडावर टांगून नवसाचा गाडा बैल ओढत नेतात, हजारो माणसं लोटतात, फोटो निघतात. तिच्या कथेत यातलं काहीच नव्हतं. ज्याचा मान आहे त्याच्या घरातल्या बायका आदल्या रात्री काय करत असतात, एवढंच होतं. कोणी तांदूळ निवडतंय, कोणी तेच तांदूळ पुन्हा निवडतंय. कार्यवाह पहिल्या मिनिटाला लिहीत होते, मग पेन खाली गेलं. सात मिनिटं होऊन गेली, घंटी वाजली नाही. पुढच्या महिन्यात नोंद निघाली: "मोजणी झाली नाही. साखळी अपुरी पडली."

गझलकार लगेच उठले. "आमच्या वेळी साखळी बरी पुरते!"

"तुमचं क्षेत्र आटोपशीर आहे," कार्यवाह म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ते पुण्याला मुलीकडे गेले. दोन सभांना नसणार होते. इतिवृत्ताची वही त्यांनी सहकार्यवाहांच्या, म्हणजे आमच्या गुरुजींच्या हवाली केली. गुरुजी फार सज्जन. मराठी शाळेत ३० वर्षं मुलांना निबंध शिकवले, कोणाला नापास केलं नाही. पुढच्या सभेला त्यांनी वही उघडली आणि खणखणीत आवाजात वाचलं: "सर्व सदस्यांनी एकाहून एक बहारदार रचना सादर केल्या. सभा अत्यंत खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. चहापानानंतर सभेची सांगता झाली."

कोणी हाललं नाही. गुरुजींना वाटलं, टाळ्या पडतील.

बँकेतल्या ताईच आधी बोलल्या. "गुरुजी, मी दुष्काळावर वाचलं होतं."

"हो ना. छान होतं."

"त्यात खेळीमेळी कुठे होती?"

मग ओझर्डेकरांनी विचारलं, आपली कविता किती ओळींची झाली. गंगापुरीकरांना आपला पोटखराबा हवा होता. कादंबरीकारांना नानांचं वय हवं होतं, कारण ते त्यांना स्वतःला कळेनासं झालं होतं. गुरुजी घामाघूम झाले. "हे बघा, मी आत्ता दुरुस्त करतो. तुम्ही सांगा, मी लिहितो. ताईंनी नेमकं काय वाचलं होतं?" ओझर्डेकरांनी गंगापुरीकरांकडे बघितलं. गंगापुरीकरांनी रावसाहेबांकडे. रावसाहेब म्हणाले, "विहिरीवर होतं ना काहीतरी?" विहीर माझी होती, आणि तीही तीन वर्षांपूर्वीची. प्रत्येकाला आपण काय वाचलं ते तोंडपाठ होतं. दुसऱ्याने काय वाचलं ते २२ जणांत एकालाही सांगता येईना. बावधनची मुलगी तेवढी म्हणाली, "ताईंच्या कवितेत टँकरच्या रांगेत रिकाम्या हंड्यांच्या जागा धरून ठेवलेल्या होत्या." ताईंनी तिच्याकडे असं काही बघितलं, की पुढच्या निवडणुकीत ती बिनविरोध येणार हे नक्की झालं.

कार्यवाह परत आले ते काळा चष्मा लावून. त्यांनी गुरुजींची नोंद वाचली, वही मिटली आणि म्हणाले, "हे कायम करता येत नाही. मोजणी झाल्याचा पुरावा नाही."

"मग?" रावसाहेबांनी विचारलं.

"फेरमोजणी."

म्हणजे त्या सभेत जे जे वाचलं गेलं ते सगळं पुन्हा वाचायचं, त्याच क्रमाने. आमच्या मंडळींना याहून मोठी शिक्षा देता आली नसती आणि याहून मोठा आनंदही. एकाच कवितेला अधिकृतपणे दुसरी संधी! घंटी वाजत राहिली, वाचणारे वाचत राहिले. पावणेनऊला शिपाई मामा दारात आले. "आवं, आटपा की आता. सकाळी पोरं यायची हायती हितं." कार्यवाहांनी त्यांनाही बाकावर बसवलं आणि फळ्यावरचा 'हजर'चा आकडा एकाने वाढवला.

फेरमोजणीची फी म्हणून प्रत्येकाकडून चहाचे पैसे दुप्पट घेतले. सगळ्यांचे निकाल लागले. ताईंचा पोटखराबा शून्य निघाला, त्यांनी त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून घेतला. गंगापुरीकरांनी निकालावर अपील केलं आहे. आणि कादंबरीकारांनी, आपली कादंबरी पहिल्या प्रकरणापासून, म्हणजे वसईच्या घंटेपासून, पुन्हा मोजून मिळावी असा रीतसर अर्ज दिला. खाली 'अतितातडी' असंही लिहिलं. कार्यवाहांनी अर्ज दाखल करून घेतला, पोच दिली, आणि 'अतितातडी' खोडून 'साधी' केलं.